टाकीत फोम नाही, थर्माकोल आहे

नागपूर, 9 मे

प्रिय बाळ्या,

पुण्याहून येताना बोटीच्या डागडुजीला पॉलिएस्टर रेझिनचा डबा आणू नको, एवढ्याचसाठी लिहून राहिलो. बोट तरंगत ठेवणाऱ्या पुढच्या बंद टाकीचं झाकण काढलं, तर आत थर्माकोल निघालं! तू इतकी वर्षं ‘पीयू (पॉलियुरेथेन) फोमच आहे’ म्हणून भांडलास, मला ते कधीच पटलं नव्हतं. तुकडा अ‍ॅसिटोनमध्ये टाकला, तर विरघळून तळाला चिकट गोळा उरला. पीयू असा विरघळत नाही.

पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोलला असंच खाऊन टाकतं. तू म्हणतोस तसा वरून कापड-रेझिनचा थर दिला, की बोट बाहेरून चकाचक आणि आतून पोकळ. टाकीला भेग पडून पाणी शिरेपर्यंत पत्ता लागणार नाही, आणि लागेल तो अंबाझरी तलावाच्या मधोमध. शंभर लिटर कोरडं थर्माकोल साधारण 98 किलो भार तोलून धरतं रे! मण्यांच्या फटींत पाणी मुरलेले ठोकळे हाताला जड लागतात, ते फेकायचेच. बाकी सगळं काम इपॉक्सी रेझिननं, त्यात स्टायरीन नसतं. जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी नीट धरतं, इपॉक्सीवर पॉलिएस्टर मात्र धड धरत नाही.

माझा गुडघा ठीक आहे.

ट्रान्समचं, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या फळीचं, दुखणं वेगळं. सुकाणूच्या बिजागरीपाशी ठोकलं की भद्द वाजतं. बोल्ट साधे लोखंडी, गंजलेले. भोकातून काळं पाणी येतं. आत फर्निचरचं प्लाय, थर सुटलेलं. आतला फायबरचा थर कापून सडकं प्लाय काढायचं, पूर्ण सुकू द्यायचं, आयएस 710 शिक्क्याचं मरीन प्लाय बसवायचं. फायबरच्या कडा जाडीच्या बारापट लांब उतार देऊन घासायच्या, नाहीतर जोड तिथेच सुटतो. बोल्टचं भोक आधी मोठं पाडून घट्ट इपॉक्सीनं भरायचं, मग त्यातच मापाचं भोक. पाणी झिरपलं तरी लाकडाला लागत नाही. बोल्ट 316 स्टीलचे, इतवारीत विचारतो.

इपॉक्सीत कालवायचा हार्डनर स्लोच, म्हणजे सावकाश घट्ट करणारा, आण. दहा अंश वाढले की इपॉक्सी साधारण निम्म्या वेळात घट्ट होतं, आणि इथलं ऊन तुला माहीत आहे. पहाटे, थोडं थोडं, पसरट ट्रेमध्ये कालवू. खोल डब्यात ते तापून धूर सोडतं.

छकुलीची अ‍ॅडमिशन झाली का? वहिनींना नमस्कार. पॉलिएस्टरचा डबा घेतला असशील तर परत कर, दुकानदार कुरकुरला तरी.

तुझा,
विन्या