जूनमध्ये येऊ नका म्हणणाऱ्या हर्णैच्या काकूंना

काकू,

साष्टांग नमस्कार.

फोनवर आभाराचं पहिलं वाक्यसुद्धा तुम्ही पुरं होऊ दिलं नाही. "ठेवा आता, होड्या लागल्यात," म्हणालात आणि फोन बंद. म्हणून हे असं चारचौघांत लिहितोय. तुमची लेक वाचून दाखवेल तेव्हा मधे होड्या लागणार नाहीत, एवढी आशा. नाव आणि नंबर मुद्दाम लिहीत नाही. "माझा नंबर गावभर करू नका" ही तुमची तंबी लक्षात आहे.

आम्ही देवळी तालुक्यातले, जिल्हा वर्धा. समुद्राशी आमची ओळख आठवडी बाजारातल्या सुकट-बोंबलापुरती. मासोळी म्हणजे रोहू, कतला, फार तर मरळ, आणि तीही धरणातली. अशा घरात एके दिवशी पोरगी पुस्तकातला लाटेचा फोटो घेऊन आजीकडे गेली आणि विचारलं, "आजी, हे पाणी मागे काहून जाते?" आई म्हणाली, "मले काय माहीत वं, म्या कुठं पायला समुद्र?" आईचं वय ७६. पंढरपूर झालं, शेगाव झालं, माहूर झालं. समुद्र राहिला.

ठरलं मग. आमच्याकडे उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, जूनचा बराचसा महिना लेकरं घरीच असतात. मृगाचा पाऊस पडून पेरणी लागायच्या आत, जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जाऊन यावं असा माझा बेत. तालुक्यातल्या एका टूरवाल्यानं तर कागदच पुढे केला. ऑफ सीझन, निम्म्या दरात खोल्या, 'ताजी मासळी अनलिमिटेड'. इसार देणारच होतो. तेवढ्यात दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या आमच्या गावच्या पोरानं तुमचा नंबर दिला. म्हणाला, दापोलीजवळ हर्णै बंदरावर मासळीचा धंदा करणाऱ्या काकू आहेत, एकदा त्यांच्याशी बोला, त्या खोलीही देतात.

मी खोलीचा दर विचारायला फोन केला होता. तुम्ही म्हणालात, "येऊ नका."

मला वाटलं, खोली भरलेली असेल. तशी नव्हती. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या असतात, बंदर ओस असतं, त्यात पावसाळी समुद्र. "तुम्हाला ताजी मासळी म्हणून बर्फातली खायला घालतील, आणि पोरांना पाण्यात पाय घालू देणार नाही मी. एवढ्या लांबून येऊन खिडकीतून पाऊस बघणार का?" हे तुमचं बोलणं. सात माणसांचं चार दिवसांचं गिऱ्हाईक तुम्ही एका फोनवर परत पाठवलं. धंदा करणारा माणूस असं करत नाही काकू. निदान आमच्या बाजारात तरी मी पाहिला नाही.

मग केव्हा यावं, हे ठरवायला आपल्याला तीन फोन लागले. तुम्ही विचारलंत, शेतातून मोकळे केव्हा होता? मी म्हटलं, दिवाळीपर्यंत सोयाबीन निघालेलं असतं, सीतादही, म्हणजे वेचणीची पूजा, होऊन कापसाचा पहिला वेचाही घरात आलेला असतो, दुसऱ्याला थोडा अवकाश असतो. तुम्ही लगेच म्हणालात, "मग कार्तिकातली अष्टमी ते एकादशी. भांगाचे दिवस." मला भांग म्हणजे केसातला माहीत, नाहीतर शिवरात्रीची. पुनवेला-अवसेला समुद्राला उधाण येतं आणि सप्तमी-अष्टमीच्या आसपास भरतीचा जोर कमी असतो, त्याला भांग म्हणतात, हे तुमच्याकडून कळलं.

आणि ते पाऊणपटीचं गणित! "घरी भिंतीवर कॅलेंडर आहे ना? तिथीची पाऊणपट करा. जो आकडा येईल त्या वाजता भरती पुरी. सकाळीही आणि रात्रीही." मी मोबाईलवर गुणाकार करायला गेलो, तर आई माजघरातून म्हणाली, "आठ पाऊण सहा." चौथी शिकलेली आहे ती. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी घोकलेली पाऊणकी, बाजाराच्या हिशेबापलीकडे कधी कामाला आली नव्हती. त्या दिवशी तिनं एकामागून एक म्हणून दाखवली. नवमी पावणेसात, दशमी साडेसात, एकादशी सव्वाआठ. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी बाराला, आणि दुपारभर पाणी चढतं. लेकरांना तीनला उतरवा, गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका, पाणी उतरायला लागलं की बाहेर काढा, ओहोटीचं पाणी पाय ओढतं, असं तुम्ही तीनतीनदा सांगितलंत. मी ते वहीत लिहिलं होतं. आईनं पाठ केलं.

आईचा खरा प्रश्न वेगळा होता. ती माळकरी. मासळीच्या गावात माळकरी बाई न्यायची म्हणजे काय, याचा आम्ही विचारच केला नव्हता. तो तुम्ही केलात. "आजींना पहिल्या दिवशी बंदरावर आणू नका. वासानं त्यांचा समुद्र नासेल." हे वाक्य मी गावात निदान दहा जणांना सांगितलं असेल. तुम्ही आमचा मुक्काम तुमच्या घरी ठेवलाच नाही, हर्णैजवळच्या मुरुडात एका शाकाहारी घरी बोलून ठेवला. म्हणजे दुसऱ्यांदा स्वतःचं गिऱ्हाईक सोडलंत.

प्रवासाचं फार लिहीत नाही, तुम्ही सांगितला तसा झाला. नागपूर-मडगाव ही आठवड्यातून दोनदा धावणारी विशेष गाडी वर्ध्याला धरली आणि खेडला उतरलो. मुंबईत उतरून सामान-सुमानासकट गाडी बदलायचा माझा बेत होता, तो वाचला. पुढे एसटी. आई ७५ च्या वरची म्हणून तिचा प्रवास फुकट, दोघी जावांना अर्धं तिकीट, लेकरांना अर्धं. पूर्ण तिकिटाचे धनी आम्ही दोघे भाऊच. घाटात धाकट्याच्या बायकोला मळमळलं, आईला काही झालं नाही. ती पुढच्या सीटवर बसून प्रत्येक वळणाला "बाप्पा!" म्हणत होती.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधी आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला नेलं. दर्शन घेऊन बाहेर आली आणि समोर खाली समुद्र. बराच वेळ कठड्याला धरून उभी होती. मला वाटलं आता हात जोडेल. तर म्हणाली, "येवढं पानी, अन् ओलिताले थेंबभर कामाचं नाही." मग थोड्या वेळानं, "हे रातच्यालेबी असंच येत-जात असंन? कोणी पाहत नसलं तरी?" मी हो म्हटलं. ती पुन्हा काही बोलली नाही, पण खाली उतरायलाही तयार होईना.

मुरुडच्या वाळूत पोरानं काठी रोवून तुमचं गणित तपासलं. फार तर अर्ध्या तासाचा फरक पडला. तो आता वर्गात सरांना पाऊणपट शिकवतोय म्हणे.

तिसऱ्या दिवशी आई मुरुडात राहिली आणि आम्ही हर्णैला तुमच्याकडे आलो. बंदरावरचं काय सांगू? लिलाव आम्हाला नवा नाही, आम्ही त्याला हर्रास म्हणतो. पण आमच्या बाजार समितीत शेतकरी बाजूला उभा असतो आणि त्याच्या मालाचा भाव दुसरेच ठरवतात. तुमच्याकडे वाळूवर ढीग ओतलेला आणि बाया कमरेला पदर खोचून भाव पाडतायत, चढवतायत, एकमेकींवर ओरडतायत. माझी बायको अर्धा तास तोंडावर पदर धरून उभी होती. पहिल्यांदा वासासाठी, नंतर बहुतेक हसू लपवायला. आणि त्या बैलगाड्या! समुद्रात बैलगाडी जाते हे कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पोटापर्यंत पाण्यात उभी जोडी, मागून लाट येतेय, आणि गाडीत मासळीच्या पाट्या चढतायत. आमची बंडी चिखलात रुतली तर आम्ही गाव गोळा करतो. धाकट्या भावानं समोर समुद्रात उभ्या सुवर्णदुर्ग किल्ल्याकडे पाहिलंसुद्धा नाही, तो थेट गाडीवानाला विचारायला गेला, "जोडी केवढ्याची?" खाऱ्या पाण्यानं खुरांचं काय होतं, रोज गोड्या पाण्यानं धुता का, खायला काय घालता, अशा त्याच्या चौकशा. पोळ्याच्या दिवशी गावात हा विषय निघणार, नक्की.

सुवर्णदुर्ग पोरीनं पाहिला, कनकदुर्गावरून. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात जे १२ किल्ले गेले त्यात तो आहे, हे तिला शाळेत सांगितलेलं. तिची तक्रार एकच, त्या बारांत विदर्भातला एकही नाही. ती यादी मराठ्यांच्या लष्करी किल्ल्यांची आहे असं मी समजावलं. "मग आपल्या विदर्भातल्या गाविलगडानं काय केलं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जेवणाचं मात्र एक कबूल करतो. बायकोनं पिशवीतून घरचा काळा मसाला काढला होता, सुरमईला लावायला. तुम्ही तिचा हात धरलात. "ताज्या माशाला एवढं झाकायचं कशाला?" हळद, तिखट, मीठ, कोकमाचं आगळ, बस्स. ती मनातून नाराज होती. पहिला घास खाऊन गप्प झाली. घरी आल्यावर धरणाच्या रोहूला तिनं तसंच करून पाहिलं. जमलं नाही. रोहूला मसालाच लागतो, हे आमचं मत कायम आहे.

पैसे तुम्ही घेतलेत, मासळीचे आणि जेवणाचे, रुपयाला रुपया मोजून, सुट्टे परत देऊन. मला ते फार आवडलं. फुकट खाऊ घातलं असतं तर पुन्हा यायला संकोच वाटला असता.

एकादशीला मुरुडच्या घरी आईला वऱ्याचे तांदूळ वाढले. तिला वाटलं काहीतरी कोकणातलं असेल, पाहते तर भगर. संध्याकाळी तुम्ही तिला भेटायला आलात, आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून. एवढं कोणी सांगितलं नव्हतं तुम्हाला. तुम्ही दोघी ओट्यावर काय बोललात ते आम्हाला कळलं नाही. येताना रस्त्यात आईनं एवढंच सांगितलं, की तुम्ही विचारलंत, "समुद्र नाही, मग तुमच्याकडे पश्चिम कुठली ते कसं कळतं हो?" आणि तिला उत्तर देता आलं नाही. सूर्याचं तिच्या ध्यानातच आलं नाही म्हणे.

आता आमचं ऐका. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे येऊ नका. पारा ४५ च्या आसपास असतो, तुम्हाला सोसायचा नाही. पावसाळ्यातही नको, काळ्या मातीचा चिखल तुमच्या वाळूसारखा पाय सोडत नाही. बंदीत मोकळ्या असता, पण तेव्हा आम्ही पेरणीत. पौषात या. ज्वारीचा हुरडा असतो, तुरी निघत असतात, शेतात गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे लावू, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. चार दिवस मासळीचा वास नसलेली हवा. झोप लागणार नाही कदाचित. तीच गाडी तेव्हा धावत असली तर खेडला धरा, वर्ध्याला उतरा. मी स्टेशनवर असेन, आणि पश्चिम कुठली ते आईच दाखवेल.

तुमचा,
देवळीकडचा कापूसवाला

ता. क. आई रोज सकाळी कॅलेंडरसमोर उभी राहते. आज म्हणाली, "पंचमी हाय. पाच पाऊण पावणेचार. काकूकडे पानी उतरून रायलं असंन आता."