टॉर्कचा आकडा एकाच जागी असू द्या

मा. संपादक,
स. न.

भोसरीच्या एका कारखान्यात मी १९ वर्षं कॉम्प्रेसरची मॅन्युअल्स लिहिते. बऱ्याच कंपन्या आता या कामासाठी कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम (सगळा मजकूर एका जागी ठेवून सांभाळणारं सॉफ्टवेअर) घेताहेत, म्हणून हे पत्र.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे सिलिंडर हेडचे बोल्ट बदलले. टॉर्क, म्हणजे बोल्ट आवळताना द्यायचा पीळ, ८५ न्यूटन मीटरवरून ७० वर आला. इंग्रजी मॅन्युअलमध्ये मी तो त्याच दिवशी दुरुस्त केला, सर्व्हिसच्या पुस्तिकेत आठवड्याने झाला. पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलेल्या मराठी तक्त्यावर मात्र ८५च राहिला. त्याची फाइल कुणाकडे आहे, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. एका फिटरने तो तक्ता वाचून टॉर्क पाना ८५ वर लावला आणि ब्लॉकमधले आटे गेले. मेमो त्याला मिळाला. त्याने तर लिहिलेलं तंतोतंत पाळलं होतं! चूक आमच्या खात्याची आहे, हे मी लेखी दिलं; तरी ती गोष्ट अजून मनाला लागून आहे.

पुढे सिस्टीम आली. पहिलं वर्ष वाया गेलं, कारण जुन्या वर्ड फायली आम्ही जशाच्या तशा तिच्यात चढवल्या, अगदी ‘फायनल २’ या नावांसकट. खरं काम आहे ते पुस्तक मोडून सुटे विषय करण्याचं. बोल्ट आवळणं हा एक विषय, तेल बदलणं दुसरा. आकडा एकदाच लिहायचा आणि प्रत्येक पुस्तिकेने तिथूनच घ्यायचा. आयबीएममध्ये तयार झालेली, ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २००५ मध्ये प्रमाण म्हणून मान्य केलेली ‘डिटा’ पद्धत याच कामाची. मजकूर एक्सएमएल या कुठल्याही एका सॉफ्टवेअरला न बांधलेल्या स्वरूपात असल्याने उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी तो आपल्या हातात राहतो.

एका मॉडेलसाठी आम्हा दोघींना चार महिने लागले. ते चार महिने मिळवणं सॉफ्टवेअर निवडण्यापेक्षा कितीतरी अवघड गेलं. खरेदी करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की या महिन्यांचा पगार बजेटमध्ये आधी धरा. मराठी आणि हिंदी तक्ते पहिल्या दिवसापासून त्याच सिस्टीममध्ये घ्या. मूळ विषय बदलला की अनुवादावर ‘जुना’ अशी खूण पडेल, एवढी सोय आठवणीने चालू करून घ्या.

ग्राहकांकडच्या मशिनांच्या दारांवर आमचे जुने तक्ते अजून आहेत. सर्व्हिसला जाणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत आम्ही सध्या नवा तक्ता आणि एक खरवडणी देतो.

– एक तांत्रिक लेखिका, चिंचवड