या वर्षी मी काय काय ठरवलंय

प्रिय आई, बाबा,

फोनवर माझ्या कोडाचा विषय निघाला की आई रडायला लागते आणि बाबा तुम्ही "बरं बरं, जेवलीस का" म्हणून फोन तिच्याकडे देता, म्हणून सरळ लिहूनच पाठवतेय. बाबा, तुम्ही आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि मधेच थांबू नका, शेवटपर्यंत वाचा.

पहिली गोष्ट लग्नाची. मे महिन्यात धाकट्याच्या लग्नात मी आखूड बाह्यांचा ब्लाउज घालणार आहे आणि मानेवर, हातावर कन्सीलर लावणार नाही. चिपळूणचा मे, हॉलमध्ये पंखे गरम हवाच फेकतात, आणि त्यात मी इतकी वर्षं मनगटापर्यंत बाह्या आणि वर मेकअपचा थर घेऊन पंगतीत वाढत आलेय, घाम आला की पदराने टिपायची पण भीती कारण खालचा पांढरा डाग दिसेल. बास झालं आता. माझ्या हातावर कोड आहे, ते सगळ्या नातेवाईकांना माहितीये, फक्त आपणच ते माहीत नसल्यासारखं वागतो.

आई, आता तुझ्याशी बोलते. माझ्या वेळी पोटुशी असताना तू बांगड्याचं तिखलं खाऊन वर दूध प्यायलीस म्हणून मला कोड झालं, असं आजी म्हणाली आणि तू ते आजपर्यंत मनात धरून बसलीयेस. ज्या दिवशी मासे त्या दिवशी आपल्या घरात चहासुद्धा कोरा होतो. आई, याचा काडीचाही संबंध नाही गं. आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती कातडीला रंग देणाऱ्या पेशींवर हल्ला करते आणि त्या पेशी मेल्या की तिथे पांढरं पडतं, एवढंच आहे ते. बंगालमध्ये तर मासे दह्यातच शिजवतात, दोई माछ म्हणतात, पिढ्यानपिढ्या खातायत ते लोक. कोड स्पर्शाने पसरत नाही, तो कुष्ठरोग नाही, आणि जगात साधारण शंभरातल्या एकाला असतो. तू काहीही केलेलं नाहीस. हे तू मान्य करावंस असं मला माझ्या डागांपेक्षा जास्त वाटतं.

आणि ती बावची, कोडावर लावतात ती वनस्पती. कोणीतरी सांगितलं म्हणून तू मागच्या पडवीत मला बावचीचं तेल लावून उन्हात बसवायचीस, पायाच्या घोट्यावर केवढा फोड आला होता आठवतं, पाणी भरलेला, आणि तू रात्रभर त्यावर फुंकर घालत बसली होतीस. बावचीत सोरालेन असतं, त्याने कातडी उन्हाला फार नाजूक होते आणि भाजते, म्हणून तो फोड. तो जुना राग मी धरलेला नाही, मला त्यातली तुझी फुंकरच आठवते. पण आता कोणी नवा लेप, नवा वैद्य सुचवला तर नाही म्हणायचं, माझ्या वतीने तू नाही म्हणायचं.

ट्रीटमेंट मी पूर्ण सोडत नाहीये. चेहऱ्यावर लाइट थेरपीने खरंच फरक पडलाय, ती चालू ठेवणार. पण बोटांच्या टोकांवर आणि ओठांवर रंग परत येणं अवघड असतं, कारण नवा रंग मुख्यतः केसांच्या मुळांतल्या पेशींमधून येतो आणि तिथे केसच नसतात. डॉक्टरांनी हे समजावून सांगितलं तेव्हा मला वाईट वाटण्याऐवजी मोकळं वाटलं. बोटं अशीच राहणार. या बोटांनीच मी नोकरी करते, तुमच्यासाठी पैसे पाठवते, चांगली चकली पाडते, मला आवडतात ती.

बँकेत मी मुद्दाम मागच्या टेबलवर बसायचे ते तुम्हाला माहितीये. एकदा कॅशला बसले होते तर एका बाईंनी माझ्या हातातून नोटा घेतल्या नाहीत, "तिथे ठेवा" म्हणाल्या. त्यानंतर मी काउंटर टाळला. आता मी मॅनेजरना सांगून काउंटर मागून घेतलाय, आणि ऑफिसरच्या प्रमोशनची परीक्षा पण देणार आहे. बदली होईल म्हणून तुम्ही घाबराल, पण मला पुढे जायचंय आणि परक्या गावात नवीन लोकांसमोर उभं राहायचंय. कोणी विचारलं तर हो, कोड आहे, लागट नाही, असं सांगते, एका वाक्यात विषय संपतो.

बाबा, हे तुमच्यासाठी. बायोडेटा आता थांबवा. त्या स्टुडिओतल्या फोटोत मला हात पदराखाली घ्यायला लावले होते, तो फोटो परत कोणाला पाठवू नका. मला लग्न नकोच असं नाही. पण "मुलीला थोडं आहे" असं दबक्या आवाजात सांगून, घटस्फोटित, वयाने खूप मोठा, काहीही चालेल म्हणून पुढे करणं नको. डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेल्या पुण्याच्या श्वेता असोसिएशनमध्ये, म्हणजे कोड असलेल्यांच्या संस्थेत, मी जाऊन आले, त्या स्वतः डॉक्टर आहेत आणि त्यांनाही कोड आहे. तिथे माझ्याएवढ्या बायका बिनबाह्यांचा ड्रेस घालून हसत गप्पा मारत होत्या आणि मला तिथे कुठे बघू, कुठे लपवू असं काही झालंच नाही. २५ जूनला जागतिक कोड दिन असतो, तेव्हा तुम्ही दोघं पुण्याला या, मी तुम्हाला घेऊन जाते. आईने तिथल्या एखाद्या आईशी बोलावं असं मला फार वाटतं. तिकिटं मी काढते, बाबांच्या गुडघ्यासाठी खालचा बर्थ बघते.

लग्नात काकू विचारतीलच, "काय गं, लावलं नाहीस काही?" तेव्हा माझ्या आधी आई तू उत्तर द्यायचंस, "तिला नको होतं." एवढंच बोल, बाकी मी बघते.

ब्लाउजचं कापड मोरपंखी घेतलंय, शिंप्याकडे माप मीच देईन. रविवारी सकाळी फोन करते, दोघं स्पीकरवर या.

तुमची,
ताई