प्रतिजैविकांचा प्रश्न सांडपाण्याचाही आहे

संपादक महोदय,

जिवाणू प्रतिजैविकांना दाद देईनासे झाल्याची बातमी आली की दोष बहुधा रुग्णाच्या माथी मारला जातो : त्याने गोळ्या अर्ध्यावर सोडल्या, चिठ्ठीशिवाय औषध घेतले. हा दोष खोटा नाही. पण उष्ण कटिबंधातील विकसनशील देशांचा विचार करता ती प्रश्नाची एकच बाजू आहे. पाणी आणि मैला ही दुसरी बाजू चर्चेत क्वचितच येते.

ई. कोलाय, क्लेबसिएला यांसारखे जिवाणू निरोगी माणसाच्या आतड्यात एरवी उपद्रव न देता राहतात. औषधाला न जुमानण्याची त्यांची जनुके पुष्कळदा प्लाझमिड नावाच्या डीएनएच्या सुट्या वर्तुळांवर असतात आणि ती एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीकडे सहज जातात. जपानी संशोधकांनी आमांशाच्या शिगेला जिवाणूंबाबत हे १९५९ सालीच दाखवून दिले होते. जिथे मैलापाणी प्रक्रियेविना नाल्यांत आणि तिथून पिण्याच्या पाण्यात मिसळते, तिथे असे जिवाणू शरीरात शिरण्यासाठी औषध घेतलेच पाहिजे असे नाही. नेदरलँड्समधील प्रवाशांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, निघताना ज्यांच्या शौचात सेफालोस्पोरिन गटाची औषधे निष्प्रभ करणारे जिवाणू नव्हते, अशांपैकी दक्षिण आशियातून परतलेल्या सुमारे ७५ टक्के लोकांत ते आढळले. पाहुण्यांची ही अवस्था, तर तेच पाणी जन्मभर पिणाऱ्यांची काय असेल?

याचा परिणाम किती गंभीर होतो, हे पाकिस्तानातील सिंध प्रांतात २०१६ पासून दिसले. तिथल्या हैदराबाद शहरातून पसरलेल्या विषमज्वरावर (टायफॉइडवर) सेफालोस्पोरिन गटातील सेफ्ट्रायाक्झोनसह नेहमीची जवळजवळ सर्व औषधे निकामी ठरली आणि तोंडाने घेण्याजोगे मुख्यतः अझिथ्रोमायसिन तेवढे उरले. त्या जिवाणूच्या जनुकीय तपासणीत सापडलेले प्लाझमिड ई. कोलायमध्ये आढळणाऱ्या प्लाझमिडशी मिळतेजुळते होते, आणि रुग्णसाथीचा संबंध दूषित पाण्याशी लागला. पुढे २०१९ साली पाकिस्तानने विषमज्वराची संयुग्मी (जिवाणूच्या आवरणातील शर्करेला प्रथिन जोडून केलेली) लस नियमित लसीकरणात आणली, तीही जगात सर्वप्रथम. लसीने जे साधते, ते औषधांच्या दुकानांवर कितीही छापे घातले असते, तरी साधले नसते, असे माझे मत आहे.

चिठ्ठीशिवाय विक्री थांबावी, लहान मुलांच्या साध्या, बहुधा विषाणूजन्य जुलाबांवर प्रतिजैविकांऐवजी ओआरएस आणि झिंक द्यावे, कोंबड्यांच्या खाद्यातून कोलिस्टिनसारखी, अखेरचा उपाय म्हणून राखलेली औषधे हद्दपार व्हावीत, हे सारे आवश्यकच आहे. मात्र लोकांना उपदेश करणे स्वस्त पडते आणि मलवाहिन्या टाकणे महाग, म्हणून पहिल्याची जाहिरात होते व दुसरे लांबणीवर पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली याविषयीचा जागतिक कृती आराखडा स्वीकारल्यापासून अनेक देशांनी आपापले आराखडे तयार केले आहेत. त्यांत मैलापाणी प्रक्रिया, विषमज्वर व रोटाव्हायरस (लहान मुलांत जुलाब घडवणारा विषाणू) यांच्या लसी आणि सांडपाण्यातील प्रतिरोधक जिवाणूंची नियमित तपासणी यांसाठी किती निधी ठेवला आहे, हे संबंधित सरकारांनी दरवर्षी आकड्यांनिशी जाहीर करावे.

– एक वाचक