लोड चौकीच्या दारात उतरू द्या

मा. श्री. राजनाथ सिंह,
संरक्षणमंत्री, भारत सरकार

सविनय नमस्कार.

मी हवाई दलात एएन-३२ या वाहतूक विमानावर लोडमास्टर होतो, म्हणजे माल (आमच्या भाषेत लोड) चढवणं-उतरवणं माझ्याकडे. सियाचिनवर रसद टाकायची वेळ आली की मागचा रॅम्प विमानाच्या पोटाखाली सरकायचा आणि थंडी थेट हाडात शिरायची. हिरवा दिवा, घंटा, आणि रॉकेलचे जेरीकॅन बांधलेला लोड बाहेर. पॅराशूट उघडलेलं दिसायचं, पुढचं सगळं वाऱ्याच्या हाती. एकदा वायरलेसवर निरोप आला, "तीन मिळाले, एक कपारीत गेला." त्या एकासाठी कमरेला दोर बांधून पोरं बर्फात उतरणार, हे आम्हाला माहीत होतं. परतीच्या वाटेवर कुणी बोललं नाही.

म्हणून १८ डिसेंबर २०२१ च्या चाचणीची बातमी मी कापून जपून ठेवली आहे. आग्र्याच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने बनवलेली सीएडीएस-५०० ही विमानातून माल नेमक्या जागी उतरवणारी प्रणाली आग्र्याच्याच मालपुरा मैदानावर ५,००० मीटरवरून सोडली गेली. ५०० किलोपर्यंतचा लोड, वर रॅम-एअर, म्हणजे हवं तिकडे वळवता येणारं पॅराशूट. जीपीएसवर जागा ओळखून यंत्र स्वतःच दोऱ्या ओढतं, वळतं आणि ठरल्या जागी उतरतं. आम्हाला आयुष्यभर हेच हवं होतं.

एएन-३२ आपल्याकडे १९८४ पासून आहे. सी-२९५ ची ५६ वाहतूक विमानं येत आहेत, त्यांतली ४० वडोदऱ्यात बनणार, पण ती मुळात ॲव्रो या जुन्या विमानांच्या जागी. नव्याने घ्यायच्या मध्यम वाहतूक विमानासाठी हवाई दलाने १८ ते ३० टनांची क्षमता मागितली आहे. चर्चा होते ती टनांची, इंजिनांची, कोणत्या देशाचं घ्यायचं याची. रॅम्पवरून लोड सुटल्यानंतर त्याचं काय, हे कुणी विचारत नाही.

साहेब, या मध्यम विमानाच्या करारातच लिहून घ्या की आपली स्वदेशी प्रणाली त्या विमानाला पहिल्या दिवसापासून जोडता येईल. विमानाने मोजलेला वारा लोडच्या यंत्राला थेट मिळायला हवा, आणि ते सॉफ्टवेअर बदलायचा अधिकार आपल्या अभियंत्यांकडे हवा. नाहीतर दर दुरुस्तीला परदेशी कंपनीचं दार ठोठवावं लागेल.

चाचण्या भर हिवाळ्यात लडाखमध्ये घ्या. विरळ हवेत पॅराशूट जोरात खाली येतं आणि थंडीत बॅटरी बसते. मालपुऱ्याच्या मैदानावर हे कळणार नाही.

महाग पडेल म्हणतील. यंत्र आणि पॅराशूट चौकीवरून रिकाम्या परतणाऱ्या हेलिकॉप्टरने खाली आणता येतं. कपारीत गेलेलं रॉकेल परत येत नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त लोडमास्टर, सातारा