गावाच्या विकास आराखड्यात रोजगाराला जागा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुढील आर्थिक वर्षाचे ग्रामपंचायत विकास आराखडे ठरवण्यासाठी दर वर्षी २ ऑक्टोबरच्या सुमारास गावोगावी ग्रामसभा सुरू होतात. त्या निमित्ताने पुणे जिल्ह्यातील गावांच्या एका दुर्लक्षित गरजेकडे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझ्या बँकेतील नोकरीचा मोठा काळ जिल्ह्यातील ग्रामीण शाखांमध्ये कर्जाची कामे पाहण्यात गेला आणि निवृत्तीनंतरही त्या गावांशी संबंध टिकून आहे. मी पाहिलेल्या आराखड्यांमध्ये अंतर्गत रस्ते, बंदिस्त गटारे, पेव्हिंग ब्लॉक, सभामंडप, स्मशानभूमीचे शेड आणि हायमास्ट दिवे यांची यादी लांबलचक असते. गावातल्या तरुणांना आणि स्त्रियांना गावात राहून कमाई कशी करता येईल, याविषयी मात्र ‘बचत गटांना प्रशिक्षण’ अशी एखादीच ओळ सापडते आणि पुढच्या वर्षी तीच पुन्हा उतरवलेली असते.

वास्तविक रोजगार हा ग्रामपंचायतीच्या कक्षेबाहेरचा विषय नाही. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवता येतील असे जे २९ विषय अकराव्या अनुसूचीत नोंदवले, त्यांत अन्नप्रक्रियेसह लघुउद्योग, ग्रामोद्योग व कुटिरोद्योग, व्यावसायिक शिक्षण आणि बाजार व जत्रा हे विषय आहेत. केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाने गावांसाठी ज्या नऊ संकल्पना आखून दिल्या, त्यांतही गरिबीमुक्त व उपजीविकेस पोषक गाव ही संकल्पना पहिली आहे. तरीही ग्रामसभेत हा विषय निघाला की ‘त्यासाठी निधी कुठून आणायचा?’ या प्रश्नापाशी चर्चा थांबते. हा प्रश्न गैरलागू आहे असे मी म्हणणार नाही. २०२१ ते २०२६ या काळातील पंधराव्या वित्त आयोगाच्या नियमित अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधलेली होती आणि उरलेल्या ४० टक्क्यांत गावाच्या बाकी सगळ्या गरजा बसवायच्या होत्या. परंतु रोजगाराच्या आराखड्याला ग्रामपंचायतीचा पैसा फारसा लागतच नाही. पैसा इतर खात्यांच्या योजनांमध्ये आणि बँकांमध्ये आहे. ग्रामपंचायतीने द्यायचे आहे ते गावाविषयीचे नेमके ज्ञान, थोडी जागा आणि वर्षभराचा पाठपुरावा.

नेमके ज्ञान म्हणजे काय, ते उदाहरणाने सांगतो. पुरंदरचा अंजीर आणि सीताफळ पुणेकरांना चांगले परिचित आहे आणि पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. सीताफळाचा हंगाम भरात आला की एकाच वेळी माल बाजारात येतो, भाव कोसळतो आणि जास्त पिकलेले फळ दोन दिवसही थांबत नाही. या फळाचा गर काढून गोठवला, तर आइस्क्रीम, रबडी आणि बासुंदी करणारे तो वर्षभर घेतात. गर काढण्याचे काम स्त्रियांना गावातच मिळू शकते. आता यासाठी गावाला काय लागेल, याचा विचार करावा. अखंड थ्री फेज वीज, गोठवण्याची सोय, स्वच्छ पाण्याची शेड, अन्न परवाना आणि हंगामापूर्वी बोलणी झालेला खरेदीदार या गोष्टी लागतील. यांपैकी एक जरी नसली तरी यंत्र आणून उपयोग नाही, कारण वीज बराच काळ गेली तर गोठवलेला गर हातचा जातो. वीजजोडणीसाठी महावितरणकडे अर्ज, शेडसाठी गावठाणातील किंवा जुन्या शाळाखोलीची जागा आणि खरेदीदारांशी बैठक ही कामे एकटी महिला किंवा एकटा गट करू शकत नाही. ग्रामपंचायत ती करू शकते आणि ती आराखड्यात महिन्यानिशी लिहिता येतात.

मावळ, मुळशी आणि भोर पट्ट्यातील भाताचेही असेच आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने विकसित केलेला इंद्रायणी तांदूळ पुण्यातील घराघरांत शिजतो, पण पुष्कळ शेतकरी सुगीनंतर पैशाची निकड असल्यामुळे भात तसाच व्यापाऱ्याला देतात. गावात चांगली भातगिरणी, तांदूळ निवडण्याची सोय आणि दोन-तीन महिने माल ठेवता येईल असे गोदाम असले, तर कांडणे, निवडणे, भरणे आणि शहरात पोहोचवणे या सगळ्याची मजुरी व नफा गावात राहील. शहर इतके जवळ असूनही ही संधी वाया जाते, याची मला खंत वाटते.

प्रत्येक गावाने वर्षातून एकदा, आपल्या गावातून पैसा कोणत्या कामांसाठी बाहेर जातो, हे घरोघर विचारून लिहून काढावे, अशी माझी सूचना आहे. विहिरीवरची मोटार जळाली की ती रिवाइंडिंगसाठी तालुक्याला न्यावी लागते. घराची वायरिंग, नळकाम, वेल्डिंग, ट्रॅक्टरची दुरुस्ती, लग्नाचा मंडप आणि स्वयंपाक, फवारणी, पशुखाद्य या प्रत्येक ठिकाणी गावकरी बाहेरच्या माणसाला पैसे देतात आणि त्याच गावात पदवी घेतलेले तरुण रिकामे बसलेले असतात. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो नेमका या दरीवर उपाय म्हणून. वेल्डिंग, बांधकाम, वीजकाम, शेती आणि पशुपालन ही कामे मुले तेथे प्रत्यक्ष करत शिकतात आणि गावाला लागणाऱ्या वस्तू व सेवा पुरवता पुरवता त्यांचे शिक्षण होते. जिल्ह्यातच चार दशके चाललेला हा प्रयोग असताना, शेजारच्या तालुक्यांतील किती माध्यमिक शाळांनी तो आपलासा केला, हे विचारण्याजोगे आहे.

कर्जाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझ्या डोळ्यांसमोर सर्वाधिक उमेद येथेच मावळली आहे. योजना कमी नाहीत. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान ठेवले गेले, तर प्रक्रिया करणाऱ्या बचत गटांतील प्रत्येक सदस्याला ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद झाली. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून आहे. पारंपरिक १८ व्यवसायांतील कारागिरांसाठी २०२३ मध्ये विश्वकर्मा योजना आली, तिच्यात पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि ते फेडल्यावर दोन लाख रुपये कर्जाची सोय केली गेली. असे असूनही शाखेत येणारे प्रस्ताव बहुधा यंत्रविक्रेत्याच्या दरपत्रकापासून सुरू होत आणि तेथेच संपत. माल कोण घेणार, कोणत्या भावाने घेणार, पावसाळ्यातील महिन्यांत हप्ता कशातून फेडणार, याचे उत्तर अर्जदाराकडे नसे. एकाच गावातील अनेक गट मिरची कांडप आणि मसाला हाच व्यवसाय मागत आणि मंजुरी मिळालेली यंत्रे पुढे एकमेकींचे गिऱ्हाईक तोडत किंवा झाकून ठेवली जात.

अनुदानाबाबतचा गैरसमज तर फार महाग पडतो. प्रकल्पाचे अनुदान हाती रोख मिळेल, असे समजून लोक घरच्या उसनवारीवर काम सुरू करतात. प्रत्यक्षात अशा योजनांत ती रक्कम सुमारे तीन वर्षे बँकेत वेगळी ठेवली जाते आणि उद्योग चालू असल्याची खात्री झाल्यावरच कर्जात जमा होते. कित्येक तरुणांचे प्रस्ताव मोबाइल किंवा दुचाकीचे हप्ते थकल्याने पतमानांकन खालावले म्हणून नाकारले जात आणि तसे होऊ शकते हे त्यांना आधी कोणी सांगितलेलेच नसे. बँकांचीही चूक मोठी आहे. कागद अपुरे असल्याचे एकदम सांगण्याऐवजी अर्जदाराला पुन्हा पुन्हा खेपा घालायला लावणे मी जवळून पाहिले आहे, आणि मजुरी बुडवून आलेल्या माणसाला त्याची किंमत किती पडते, याची जाणीव काउंटरच्या आत क्वचितच असते.

म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीत या कामाची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीवर असावी. ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण उपजीविका अभियानातील सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताई अनेक गावांत बचत गटांचे हिशेब आणि बैठका उत्तम सांभाळतात. त्यांना किंवा ग्रामरोजगार सेवकांना ग्रामनिधीतून जादा मानधन देऊन गावातील प्रत्येक कर्जप्रस्तावाची नोंदवही ठेवायला सांगावी. प्रस्ताव कधी दिला, कोठे अडला, कशासाठी अडला, हे पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवावे. शाखाधिकाऱ्यांना वर्षातून दोनदा ग्रामसभेत बोलवावे.

गडांच्या पायथ्याची गावे हा वेगळा विषय आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचा भाग म्हणून जे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांपैकी राजगड, शिवनेरी आणि लोहगड हे तीन आपल्या जिल्ह्यात आहेत. गर्दी वाढणार हे निश्चित आहे. गुंजवणे, पाली, लोहगडवाडी यांसारख्या गावांनी वाहनतळ, स्वच्छतागृहे, घरगुती जेवण, मुक्काम आणि वाटाडे यांचे नियम व दर आताच ठरवले नाहीत, तर बाहेरचे लोक रस्त्यालगतच्या जागा घेऊन हॉटेले थाटतील आणि गावाच्या वाट्याला कचरा येईल.

चाकण, रांजणगाव, कुरकुंभ, जेजुरी येथील औद्योगिक वसाहतींभोवतीच्या गावांत जमिनी विकल्या गेल्या, पैसा आला आणि पुष्कळ घरांत तो गाडी, बंगला आणि लग्नकार्यात संपला. त्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या गोदामांच्या दारावर तीच मुले सुरक्षारक्षक म्हणून उभी असलेली पाहून वाईट वाटते. हडपसरजवळ मगरपट्ट्यातील शेतकरी कुटुंबांनी जमिनी विकण्याऐवजी एकत्र करून स्वतःची कंपनी काढली. प्रत्येक गावाला ते जमेल असे नाही, पण विकण्यापूर्वी भाडेपट्टा, भागीदारी आणि वाहतूक, भोजनालय, देखभाल यांच्या कंत्राटांचा विचार ग्रामसभेत व्हायला काय हरकत आहे? कंपनी कायदा २०१३ नुसार मोठ्या कंपन्यांनी सामाजिक कामांवर खर्च करताना आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे अपेक्षित आहे. शाळेला रंग आणि बाके मागण्याबरोबर गावांनी या निधीतून त्याच कारखान्याला लागणाऱ्या कौशल्यांचे प्रशिक्षण मागावे.

ग्रामसभेपूर्वी होणाऱ्या महिला सभेत मी वारंवार ऐकलेली मागणी वाहनाची आहे. कामाची पाळी सुटल्यावर वाडीपर्यंत पोहोचवणारी शेवटची बस नसल्यामुळे काम मिळूनही बायकांना ते सोडावे लागते. ही मागणी रोजगाराच्या आराखड्यात पहिल्या क्रमांकावर लिहायला हवी.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती आहे. सर्व ग्रामपंचायतींचे मंजूर आराखडे ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. आपल्या तालुका वार्ताहरांनी या हिवाळ्यात प्रत्येक तालुक्यातील काही गावांचे आराखडे उघडून त्यांत उपजीविकेसाठी कोणती कामे धरली आहेत, मागील वर्षी धरलेल्यांपैकी कोणती झाली आणि कोणती नुसती पुढे ढकलली, हे गावाच्या नावासह छापावे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेपूर्वी ही माहिती गावकऱ्यांच्या हाती पडली, तर त्यांना सरपंचांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना नेमके प्रश्न विचारता येतील.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी,
कोथरूड, पुणे