तक्रार : न विचारता बदललेले कॅम्पग्राउंड आणि बाबांचे गेलेले दोन दिवस

दि. १४ जुलै २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
परदेश सहल विभाग,
पुणे

विषय : फ्लोरिडा मोटरहोम सहलीत (७ ते १४ जून २०२५) परस्पर बदललेल्या कॅम्पग्राउंडबाबत तक्रार व परताव्याची मागणी.

महोदय,

सादर नमस्कार. हे बुकिंग माझ्या वडिलांच्या नावावर आहे. पुण्यातल्या आपल्या कार्यालयात स्वतः येऊन, स्वतःच्या पेन्शनच्या खात्यातून त्यांनी पैसे भरले होते. "नातवंडांना डिस्ने मी दाखवणार," हा त्यांचा हट्ट होता. पत्र मी लिहिते आहे, कारण ते लिहिणार नाहीत. "झालं गेलं, सोड आता," म्हणतात. मला ते सोडता येत नाही.

आम्ही अटलांटाला राहतो. सहलीला आम्ही सहाजण होतो : बाबा (वय ७६), दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेली मधुमेही आई, मी, माझे यजमान, नऊ आणि चार वर्षांची मुले. सातवा आमचा लॅब्रडॉर, चिकू. तो बारा वर्षांचा आहे. परक्या घरी ठेवला तर दोन-दोन दिवस अन्नाला तोंड लावत नाही. म्हणून तर मोटरहोम, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, घ्यायचे ठरले. अटलांटा ते ऑरलँडो सातशे किलोमीटरचा रस्ता आहे. त्या रस्त्यात आईला हवे तेव्हा पाय पसरता यावेत, बाथरूम जवळ असावे, वेळेवर घरची भाकरी मिळावी आणि चिकूही सोबत असावा, एवढाच हिशोब होता.

डिसेंबरमध्ये आपल्या प्रतिनिधींशी माझे चाळीस मिनिटे बोलणे झाले. मी तेव्हाच म्हटले होते की गाडी कोणतीही द्या, ती उभी करून मुक्काम करण्याची जागा, म्हणजे कॅम्पग्राउंड, मात्र फोर्ट वाइल्डरनेसच हवे. हा आग्रह उगाच नव्हता. १९७१च्या ऑक्टोबरात डिस्नेचे मॅजिक किंगडम हे पार्क सुरू झाले आणि पुढच्याच महिन्यात डिस्नेच्याच आवारात हे कॅम्पग्राउंड सुरू झाले. तिथल्या धक्क्यावरून बोट थेट मॅजिक किंगडमच्या दारात सोडते. बाहेरून येणाऱ्याला तसे जाता येत नाही. त्याला आधी मोठ्या वाहनतळावर उतरावे लागते, मग मोनोरेल किंवा फेरीबोट धरून तळ्यापलीकडे जावे लागते, तेव्हा कुठे प्रवेशद्वार येते. तरण्या माणसाला त्याचे काही वाटणार नाही. पण फ्लोरिडाच्या जूनमध्ये दुपारी ऊन भाजून काढते आणि नंतर विजांसह पाऊस कोसळतो. तेव्हा म्हातारी माणसे आणि लहान मुले बरोबर असली की सकाळी जायचे, जेवायला परत यायचे, सगळ्यांनी जरा आडवे व्हायचे आणि संध्याकाळी पुन्हा जायचे, हीच रीत परवडते. ती जमणार की नाही हे कॅम्पग्राउंड कुठे आहे यावर ठरते. आपल्या डिसेंबरच्या व्हाउचरवर फोर्ट वाइल्डरनेसचे नाव, ५० अँपिअरची वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी, कुत्र्याला परवानगी असलेली जागा, हे सगळे स्वच्छ छापलेले आहे. प्रत जोडली आहे.

२८ एप्रिलला आपल्याकडून नवे व्हाउचर आले. सोबत एकच ओळ होती : "उपलब्धतेनुसार समकक्ष कॅम्पग्राउंड देण्यात येत आहे." आधी विचारले नाही, पर्याय दिला नाही. मी फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, "मॅडम, ५०च्या जागी ३० अँपिअर आहे एवढंच, बाकी सगळं तसंच. उलट इथे स्विमिंग पूल मोठा आहे." त्या वेळी रद्द करायचे तर निम्मी रक्कम बुडणार होती. आई-बाबांची विमानाची तिकिटेही निघाली होती. मी आपल्या शब्दावर विश्वास ठेवला.

"एवढंच" म्हणजे किती, ते इथे लिहिते, कारण आपल्या कार्यालयात हे कोणाला माहीत नसावे. मोटरहोमच्या ३० अँपिअर जोडणीत १२० व्होल्टची एकच तार मिळते, म्हणजे साधारण ३,६०० वॅट. ५० अँपिअर जोडणीत तशा दोन तारा असतात आणि दोन्हींवर ५० अँपिअर मिळतात, म्हणजे १२,००० वॅट. ऐकायला वीसचा फरक वाटतो, पण प्रत्यक्षात वीज तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी झाली. आपणच दिलेल्या ३१ फुटी गाडीला छतावर दोन एसी होते. ते दोन्ही चालू असताना फ्रिजसोबत आणखी काही लावले की वीज जोडलेल्या खांबावरचा ब्रेकर पडणारच, म्हणजे सगळी वीज तुटणारच.

दुसरी गोष्ट कुत्र्याची. नव्या व्हाउचरवर "पेट फ्रेंडली" असे होते. तिथे पोहोचून सह्या करताना कळले की कुत्र्याला गाडीत एकटे ठेवायला सक्त मनाई आहे, आणि दिवसभर सांभाळण्याची काही सोय नाही. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. बंद गाडीत जनावराचे हाल होतात, नियम योग्यच आहे. पण हे आधी कळले असते, तर डिस्नेच्या परिसरातल्या कुत्र्यांच्या पाळणाघरात चिकूची जागा धरली असती. तिथे लसीकरणाचे कागद लागतात आणि आधी नाव नोंदवावे लागते. आम्ही चौकशी केली तेव्हा त्या आठवड्यात जागा उरली नव्हती. मग रोज एकाने मागे राहायचे ठरले. ८ तारखेला माझे यजमान राहिले, १३ला मी. मधल्या दोन दिवशी, १० आणि १२ जूनला, बाबा म्हणाले, "मुलांना तुम्ही दोघं लागता. मी थांबतो."

आता १० जूनची दुपार. तिथली शटल सकाळी नऊला सोडते आणि रात्री साडेआठला आणायला येते. मध्ये फेरी नाही. (आपल्या पत्रकात "पार्कसाठी शटल सेवा" एवढेच लिहिले आहे.) आम्ही पाचजण मॅजिक किंगडममध्ये होतो. बाबा आणि चिकू गाडीत. दीडच्या सुमारास बाबांनी जेवायला म्हणून आमटी मायक्रोवेव्हमध्ये गरम करायला ठेवली आणि सगळी वीज गेली. दोन्ही एसी बंद. वीज जोडलेला खांब गाडीच्या बाहेर, मागच्या बाजूला असतो आणि ब्रेकर त्याच्यावर असतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. ते आतली बटणे एकेक करून दाबत राहिले. बॅटरीवर चालणारा तापमानाचा आकडा तेवढा भिंतीवर दिसत होता आणि तो चढत होता. त्यांनी मला फोन केला तेव्हा आकडा ९१ फॅरनहाइट होता, म्हणजे ३३ अंश. फोनवर मला चिकूचे धापणे ऐकू येत होते.

मी लगेच आपल्या "२४ तास" मदत क्रमांकावर फोन लावला. पुण्यात तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. चार वेळा घंटा पूर्ण वाजली, कोणी उचलला नाही. कॉलची यादी जोडली आहे. मुलांना आईजवळ आणि यजमानांजवळ सोडून मी निघाले. फेरीबोटीची रांग, तळे, मग टॅक्सी. पोहोचायला एक तास दहा मिनिटे लागली.

तोवर बाबांनी चिकूला कसेबसे पायऱ्यांवरून उतरवून झाडाखाली आणले होते. आपला पंचा नळाखाली भिजवून त्याच्या पोटाखाली आणि पंज्यांना गुंडाळला होता. तो गरम झाला की पुन्हा भिजवायचा, असे किती वेळा केले ते त्यांना आठवत नाही. शेजारच्या जागेवर मिशिगनचे एक वृद्ध जोडपे उतरले होते. त्यांनी हे पाहिले, ब्रेकर उचलून दिला आणि आमची गाडी थंड होईपर्यंत बाबांना आणि चिकूला आपल्या गाडीत बसवले. त्या दोघांचे उपकार मी विसरणार नाही. मी आत गेले तेव्हा बाबांचा सदरा घामाने आणि पाण्याने अंगाला चिकटला होता आणि चिकूचे डोके त्यांच्या पायावर होते. बाबांचे पहिले वाक्य होते, "मी आमटी गरम करायला नको होती."

सहल संपेपर्यंत त्यांनी मायक्रोवेव्हला हात लावला नाही. १२ तारखेला ते गारच जेवले. उकाडा असूनही एकच एसी लावून, दुसरा बंद ठेवून दिवसभर बसले. आपल्या चुकीने मुक्या जिवाचे हाल झाले असे त्यांना अजून वाटते. चूक त्यांची नव्हती. ती चूक आपल्या कार्यालयात एप्रिलमध्येच झाली होती.

बाकी त्रास थोडक्यात सांगते. नव्या जागेवर सांडपाण्याची जोडणीच नव्हती. सहा माणसांची अंघोळ आणि भांडी, त्यामुळे दर दोन दिवसांनी टाकी भरायची. मग सगळे सामान बांधून, नळ-तारा काढून, अख्खी गाडी सांडपाणी उपसण्याच्या केंद्रावर न्यायची आणि परत आणून लावायची. जमीन जाड खडीची, त्यावर आईची व्हीलचेअर एक हातभरही सरकत नव्हती. कुत्रे फिरवण्याची पट्टी तळ्याच्या काठाला लागून, आणि काठावर मगरींबाबत सावधानतेची पाटी! फ्लोरिडात गोड्या पाण्याच्या काठी कुत्रा नेऊ नये हे तिथली पोरेसोरेही जाणतात. मोटरहोम मात्र चांगली आणि स्वच्छ होती, हेही मी मान्य करते.

चार दिवसांच्या तिकिटांत आम्ही सहाजण एकही दिवस एकत्र पार्कमध्ये नव्हतो. किल्ल्यासमोर सगळ्यांचा एक फोटो, एवढ्यासाठी बाबांनी वर्षभर पैसे बाजूला ठेवले होते. तो फोटो नाही.

आता पैशांचे. फोर्ट वाइल्डरनेसच्या सात रात्रींसाठी आपण १ लाख २० हजार रुपये घेतले. जी जागा दिली तिचा दर तिथल्या फलकावर रात्रीला ६२ डॉलर होता, म्हणजे सात रात्रींचे ४३४ डॉलर, सुमारे ३७ हजार रुपये. फलकाचा फोटो जोडला आहे. उरलेल्या ८३ हजारांबद्दल आपण आजवर एक अक्षरही कळवलेले नाही. ही फरकाची रक्कम, बाबांच्या तिकिटातले वाया गेलेले दोन दिवस आणि १० जूनचे टॅक्सीभाडे, एवढे परत मिळावे. मनस्तापाची किंमत मी लावलेली नाही.

पण पैशांइतकेच दुसरे मागणे महत्त्वाचे आहे. आता मुले परदेशी असलेली कितीतरी मराठी कुटुंबे आई-वडिलांना, नातवंडांना आणि घरच्या कुत्र्या-मांजरांना घेऊन अशा सहली करतात. त्यांना देण्याच्या व्हाउचरवर वीज किती अँपिअरची आणि सांडपाण्याची जोडणी आहे की नाही, हे छापा. पार्कचे अंतर डिस्नेच्या हद्दीपासून नव्हे, प्रवेशद्वारापर्यंत मोजून द्या. डिस्नेची जमीनच सुमारे चाळीस चौरस मैल आहे, त्यामुळे "पार्कपासून चार मैल" या शब्दांना काही अर्थ उरत नाही. शटलच्या वेळा लिहा. जमीन फरसबंद आहे की खडीची, ते लिहा. आणि "पेट फ्रेंडली"च्या पुढे कुत्र्याला एकटे ठेवता येते का, जातीवर बंधन आहे का, जवळ पाळणाघर कुठे आहे, हे लिहा. जागा बदलायचीच वेळ आली, तर आधी ग्राहकाची लेखी संमती घ्या आणि नको असेल त्याला पूर्ण पैसे परत करा.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तराची अपेक्षा आहे. ते न आल्यास बाबांच्या वतीने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार नोंदवू. तेवढ्यावर न भागल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली पुण्याच्या जिल्हा आयोगाकडे जाऊ. बाबा पुण्यात राहतात, पैसे पुण्यात भरले आहेत आणि कागद सगळे जपून ठेवले आहेत.

रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात पाठवावी. आणि एक पत्र वेगळे, बाबांच्या नावाने, पुण्याच्या पत्त्यावर पाठवावे. १० जूनला वीज गेली ती कमी क्षमतेची जागा दिल्यामुळे गेली, त्यांच्या हातून काही चुकले नाही, एवढे त्यात आपल्या सहीने लिहावे. अक्षर मोठे ठेवावे, त्यांना बारीक टाइप वाचता येत नाही.

कळावे,

बुकिंगधारकांची मुलगी
अटलांटा, जॉर्जिया

सोबत : दोन्ही व्हाउचरच्या प्रती, २८ एप्रिलची ईमेल, १० जूनची कॉलची यादी, टॅक्सीची पावती, दरफलकाचा आणि जागेवरच्या वीजखांबाचा फोटो.